तारेपलीकडचा तोबियास

एल्विना आणि तोबियास सीमेजवळच्या व्हानिमो गावातल्या माझ्या गेस्टहाऊसवर उतरले, ते कालच लग्न झाल्यासारखे हसत. खरं तर त्यांचा संसार जुना होता. दोघंही आमच्याच देशातल्या सिम्बूच्या डोंगरात शाळेत शिकवायची. एकदा तरी परदेश बघायचा म्हणून सीमेपलीकडच्या जयापुरा शहराला निघालेली.

आमच्याकडून सीमा म्हणजे गाडीचा थोडासा रस्ता. अडतं ते व्हिसापाशी. तोबियासचा लगेच आला. एल्विनाचा फोटो मात्र पलीकडच्या देशाच्या इथल्या वकिलातीने परत केला, कारण मागचा पडदा लाल हवा होता आणि तिचा निळा निघाला. नवा फोटो दिला, तर साहेब रजेवर. "गुरुवारी या." गुरुवारी गेली, तर "सोमवारी बघू."

"तू हो पुढे," तीच नवऱ्याला म्हणाली. "तुझे दिवस कशाला फुकट घालवतोस? खोली बघून ठेव."

तो गेला, आणि त्याचा फोन लागेनासा झाला.

मी मूळची सीमेला लागून असलेल्या वुतुंग गावची. आम्हा गावकऱ्यांना व्हिसाशिवाय, नुसत्या कार्डावर पलीकडे सोडतात. मी तिकडच्या बाजारातून साबण-नूडल्स आणायला निघाले, तेव्हा एल्विना फाटकापर्यंत सोबत आली. दोन देशांच्या दोन फाटकांमध्ये गवताचा पट्टा आहे, कोणाच्याच मालकीचा नाही. तारेपलीकडे त्या गवतात भर दुपारी तोबियास उभा होता.

"आलीस?" तो म्हणाला. "व्हिसा?"

"नाही रे अजून."

"मग अशीच ये की. तारेखालून. एक पाऊल तर टाकायचंय."

"काय मास्तर," मी म्हटलं, "पोरांना हेच शिकवता होय?"

तो हसला नाही. ऊन इतकं होतं की माझा ब्लाउज पाठीला चिकटला होता, पण त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

मग ती रोज दुपारी जायला लागली. परत आली की ताटातला मासा तसाच ठेवायची.

"काय बोलता गं एवढं?" मी विचारलं.

"जुन्या गोष्टी, मावशी. इतकं तर तो घरीही कधी बोलला नाही."

फाटकावर माझा भाचा रेमिजियस शिपाई आहे. एक दिवस त्याने मला बाजूला घेतलं.

"आत्या, तिला इकडे येऊ देऊ नकोस. तो माणूस त्या पट्ट्यात शिरताना मी कधी बघितला नाही."

"पलीकडून येत असेल."

"पलीकडच्या शिपायांना विचारलं. ते म्हणतात, तुमच्याकडून येतो."

मी घरी येऊन एल्विनाला सांगितलं. ती चिडली. "तुम्हा सीमेवरच्या लोकांना जिथे तिथे भुतं दिसतात! माझा नवरा मी ओळखत नाही का?"

दुसऱ्या दिवशी ती निघायच्या बेतात असताना माझा फोन वाजला. अनोळखी नंबर, पलीकडून तोबियास. आवाज अगदी खोल गेलेला. "एल्विनाला सांगा, मी बरा आहे. इथे उतरलो आणि मलेरियाने आडवा झालो. आजवर खोलीबाहेर पाऊल टाकलेलं नाही. घरमालकिणीने फोन दिला म्हणून..."

मी फोन एल्विनाच्या हातात दिला. ती ऐकत राहिली आणि हळूच खाली बसली.

त्याच दुपारी वकिलातीतून निरोप आला: व्हिसा तयार आहे.

"विमानाने फिरून जा, पोरी," मी म्हटलं.

"फिरून जायचं तर अर्धं जग पालथं घालावं लागेल. तो तिकडे तापाने फणफणलाय. तू चल माझ्याबरोबर."

सकाळी आमच्या फाटकावर शिक्का मारून घेतला आणि आम्ही दोघी हातात हात घालून पट्ट्यातल्या रस्त्याला लागलो. गवतात कोणी नव्हतं. अर्ध्यावर गेलो आणि मागून अगदी घरच्या सुरात हाक आली, "एल्वी, चप्पल राहिली बघ तुझी."

तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. चपला दोन्ही पायांत होत्या. आम्ही मागे वळलो नाही. पलीकडच्या शिपायाने पासपोर्ट घेतला, आमच्या मागे बघितलं आणि विचारलं, "ते तुमच्याबरोबर नाहीत?"

"नाहीत," मी म्हटलं.

तोबियास खाटेवर बसलेला होता, गालफडं बसलेली, घामाने निथळत. त्या घामावरच एल्विनाने आधी हात फिरवला आणि मग रडली.

परत जाताना त्यांनी ती वाट घेतली नाही. जकार्तावरून विमानाने लांबचा फेरा घालून घर गाठलं. काही दिवसांनी तिचा फोन आला.

"मावशी, तारेपलीकडच्याने मला एक गोष्ट सांगितली होती. आमच्या लग्नाआधीची. काल मी ह्याला विचारलं."

"मग?"

"पांढराफटक पडला. म्हणाला, हे मी जन्मात कोणाला सांगितलेलं नाही."

"खोटं होतं का?"

फोनमध्ये मागे कुठेतरी तोबियास खोकत होता.

"नाही," ती म्हणाली. "खरं होतं."