उघडून बघा, मग घ्या

"परत आलंय, काकू," कुरिअरच्या काउंटरवरच्या सिल्वियानं खोकं माझ्याकडे सरकवलं. "गिऱ्हाइकानं तिकडं उघडलं, वीज लावून बघितली आणि नको म्हणाला."

"नको म्हणाला? कान्यो पेत्रूनोवच्या हातची भट्टी नको म्हणाला?"

"मी नुसती खोकी देते-घेते. इथं सही करा."

मी सही केली. आमच्या लिपीत माझं नाव चार अक्षरांचं आणि शाळाही चारच इयत्ता झालेली, त्यामुळे तेवढं मला झकास जमतं. मागे बेकरीवाली मिन्का उभी होती. तिला ऐकू जावं म्हणून मी मोठ्यानं म्हणाले, "चोर असणार मेला. चांगली काढून घेतली असेल आणि आपलं भंगार आत कोंबलं असेल."

मिन्काला सांगितलं की गावात दवंडी पिटायची गरज उरत नाही. मला तेच हवं होतं.

सप्टेंबरात आमच्याकडे दारोदार मोठ्या, गोड लाल मिरच्या भाजतात, सोलतात आणि हिवाळ्यासाठी बरण्या भरतात. त्यासाठी विजेची एक उभट भट्टी असते, चुश्कोपेक म्हणतात तिला. मिरची आत उभी सोडायची, झाकण ठेवायचं, दोन मिनिटांत साल सुटते. दुकानातल्या नव्या भट्ट्या दोन हंगामांत मान टाकतात. जुन्या मात्र आतली तार बदलली की माणसापेक्षा जास्त जगतात. माझा नवरा कान्यो एकतीस वर्षं कारखान्यात मोटारींना तारा गुंडाळत होता. कारखाना बंद पडला, पण हात काही बंद पडले नाहीत. तो जुन्या भट्ट्या गोळा करतो आणि नव्यानं तार भरतो. आमची सून रुमेना फोटो काढून त्या फोनवर विकायला टाकते. दोनशेच्या वर लोकांनी तिथं त्याचं कौतुक लिहिलंय. रविवारी जेवताना रुमेना ते वाचून दाखवते. कान्यो सूपच्या वाडग्यात डोकं घालून बसतो, जणू दुसऱ्याच कुणाचं चाललंय. पण त्या वेळी त्याचा चमचा वाजत नाही, हे मी पाहिलंय.

प्रत्येक भट्टीच्या फोटोखाली तो एक ओळ घालायला लावतो: उघडून बघा, लावून बघा, मग घ्या. आमच्या देशात ही सोय आहे. गिऱ्हाईक कुरिअरच्या काउंटरवर खोकं फोडतं, वस्तू चालवून बघतं आणि मगच पैसे मोजतं. नको असेल तर तिथूनच माघारी. मला ही रीत कधी आवडली नाही. आमच्या घरची वस्तू चारचौघांत उलटीपालटी करून बघायची म्हणजे काय? पण कान्यो म्हणतो, "बघू दे की. बघितलं तरच कळेल त्याला."

घरी आल्यावर त्यानं खोकं उघडलं. भट्टी बाहेर न घेता खोक्यातच तिचं झाकण काढून आत डोकावला आणि झाकण परत ठेवलं.

"जळकी आहे," म्हणाला.

"तू जळकी पाठवलीस?"

तो खोक्याची दोरी गुंडाळत राहिला.

"म्हणजे बदललीच! मी म्हटलंच होतं. येताना मिन्काच्या दुकानातही सगळ्यांना सांगून आलेय मी."

"जाऊ दे, केरा."

"सगळं जाऊ देतोस म्हणून लोक तुझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतात!"

दुसऱ्या दिवशी रुमेना फोन घेऊन खाली आली. तिचा चेहरा बघूनच मी हातातली सुरी ठेवली.

"आई, त्या माणसानं लिहिलंय. पाचांतला एकच तारा दिलाय. वाचू का?"

"वाच."

"'जळकी भट्टी पाठवली. इतक्या लोकांनी चांगलं लिहिलंय म्हणून विश्वास ठेवला होता. मेतोदी, व्रात्सा.'"

कान्यो दारात उभा होता. त्यानं ऐकलं आणि अंगणात निघून गेला. त्या आठवड्यात एकही मागणी आली नाही. ऐन सप्टेंबरात! ज्या दोघांनी आधी सांगून ठेवलं होतं त्यांनीही नको म्हणून कळवलं. कान्यो रोज सकाळी कामाच्या खोलीत जायचा, स्वच्छ फरशी पुन्हा झाडायचा आणि पालथ्या पेटीवर बसून राहायचा. रविवारी रुमेनानं वाचायला फोन काढला नाही आणि कुणी मागितलाही नाही.

सोमवारी मी सुनेकडून नंबर लावून घेतला.

"मेतोदी का रे तू?"

"हो. कोण बोलतंय?"

"कान्योची बायको. माझ्या नवऱ्याची भट्टी खिशात घातलीस आणि वर त्याचं नाव काळं केलंस. आईनं हेच शिकवलं तुला?"

"माझी आई गेली हो, आजी," तो शांतपणे म्हणाला. "आणि ती भट्टी खिशात मावत नाही. काउंटरवरच्या बाईनंच वीज लावून बघितली. मी हातसुद्धा लावला नव्हता. तिला विचारा."

"दोघं मिळालेले असाल."

"असं कसं बोलता? मला तर उलट आनंद झाला होता. फोटोत काळवंडलेली होती, टवका उडालेला. खोक्यातून निघाली निळी, चकचकीत. मला वाटलं, म्हाताऱ्यानं घासूनपुसून पाठवली. पण ती तापलीच नाही. आजी? ऐकताय ना?"

मी ऐकत होते. मी फोन ठेवला.

त्या दिवशी कान्योची कंबर धरली होती, म्हणून खोकं मी बांधलं होतं. फळीवर दोन भट्ट्या होत्या. एक काळी, टवका उडालेली आणि दुसरी निळी. मी जिवंत असताना या घरातून काळं भांडं परक्याच्या दारात जाईल? मी निळी उचलली. विचारलं नाही. माझ्या घरात मी कुणाला विचारत नाही. ती निळी डॉक्टरच्या बायकोनं दुरुस्तीला आणून टाकलेली होती.

मी कामाच्या खोलीत गेले. काळी भट्टी फळीवर मागच्या बाजूला, फडक्याखाली होती. फडकं कान्योनंच टाकलं असणार.

"तुला कधी कळलं?"

"खोकं उघडलं तेव्हाच. निळी दिसली, आतली तारही माझ्या हातची नव्हती."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सगळीकडं सांगून आली होतीस. तोंडघशी पडली असतीस."

"आणि तू पडलास ते?"

त्यानं खांदे उडवले. पेटीवरून उठला नाही. "त्याला काळी पाठवणार होतो गुपचूप. तुला कळू न देता."

पन्नास वर्षं मी या माणसाला बोलत आले आणि तो माझ्यासाठी असा गप्प बसत आला. किती वेळा, ते मी त्याला विचारलं नाही.

रुमेनाला हाक मारली. "लिही. भट्टी मी बांधली. चुकीची घातली. कान्योचा यात दोष नाही. मेतोदी खरं बोलतो. केरा पेत्रूनोवा."

"आई, 'घरच्यांकडून चूक झाली' एवढं पुरे. नाव कशाला?"

"घरचे म्हणजे कोण? मांजर? नाव लिही."

तिनं लिहिलं. मग तिच्याच फोनवरून मेतोदीला पुन्हा फोन केला. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे ती थोडी ओरडूनच मागितली गेली. तो म्हणाला, "ऐकू येतंय आजी, ऐकू येतंय." काळी भट्टी कान्यो स्वतः काउंटरवर देऊन आला. मेतोदीनं ती लावून बघितली आणि घेतली. तारा एकच राहिला. तो पुसायचा कसा, ते त्या बिचाऱ्याला सापडलं नाही.

राहिलं होतं मिन्काचं दुकान.

सकाळी पावाची वेळ होती. आत आठ-दहा माणसं. मी दारातूनच म्हणाले, "व्रात्साचा माणूस चोर नाही. जळकी भट्टी मी पाठवली. कान्योला माहीतसुद्धा नव्हतं. इथं जे बोलले होते ते इथंच परत घेते."

मिन्काचा हात पावावर तसाच राहिला. मग तिनंच डोळे खाली घालून हाक मारली, "काकू, या, पुढं या."

केस पांढरे झाल्यापासून मी या दुकानात रांग लावलेली नाही. माणसं बाजूला सरकली आणि वाट झाली.

"नको," मी म्हणाले, आणि दाराजवळ, शेवटच्या माणसाच्या पाठीमागे उभी राहिले.