प्रॉसर डॉक्टरांचा काळा कोट

कोट काही केल्या पेट घेईना. प्रॉसर डॉक्टरांनी त्याच्याखाली गव्हाचा पेंढा सरकवला, दोनदा दिव्यातलं तेल ओतलं, तरी नुसता काळा धूर. पॅटागोनियाचा हट्टी वारा तो धूर उचलून थेट शेजारच्या वाळत घातलेल्या चादरींवर नेऊन टाकत होता. लोकर ती, त्यात बावीस वर्षांचं रक्त मुरलेलं. कागदासारखी थोडीच भुर्रकन जळणार होती.

शेजारची लेउसा कुंपणापाशी आली. सत्तरीची बाई, वेल्श वस्तीच्या या खोऱ्यातली जुनी सुईण, आणि जिभेला धार अशी की पाव कापायला सुरी लागू नये.

"मला वाटलं माणूस जाळताय की काय," ती म्हणाली. "माझ्या चादरींनी काय घोडं मारलंय तुमचं?"

डॉक्टरांनी कोटाखाली आणखी पेंढा सरकवला. लेउसाने जळणाऱ्या वस्तूकडे नीट पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. तो कोट खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. तिकडे मायदेशी, कार्मार्थनच्या म्हाताऱ्या सर्जनने आपल्या लाडक्या शिष्याला निघताना दिलेला कोट. त्या काळच्या सर्जन मंडळींचा मानच तसा होता. कोट जितका डागाळलेला, जितका ताठ, तितका हात कसलेला. तो कुणी धूत नसे. धुणं म्हणजे केलेलं काम पुसून टाकणं. बटणाच्या काजातून मेण लावलेले टाक्यांचे दोरे लोंबत आणि सुरी पुसायला कोटाचं टोक हाताशी असे. डॉक्टर वळणावर आले की आधी कोटाचा वास यायचा आणि रोग्याला तेवढ्यानेच बरं वाटायचं.

"झालंय काय?" लेउसाने विचारलं.

झालं होतं ते असं. नऊ दिवसांपूर्वी बंदराला जहाज लागलं. त्यावरचा तरणा डॉक्टर जेवायला आला आणि जेवणाआधीच हातांना साबण चोळत बसला. प्रॉसर हसले. पोराने मग पोतडीतून एक छापील पुस्तिका काढली. जखमेतला पू सर्जनच्या हातांवरून, कपड्यांवरून दुसऱ्याच्या अंगात जातो, बाळंतिणीला तर हमखास, आणि कार्बोलिक नावाच्या औषधाच्या पाण्याने हात धुतले तर ते टळतं, असं त्यात लिहिलं होतं. प्रॉसर तासभर वाद घालत होते. पोरगा कार्बोलिकची बाटली आणि पुस्तिका दोन्ही ठेवून निघून गेला, आणि डॉक्टरांनी सहज म्हणून आपली जुनी वही उघडली. खोऱ्यात त्यांच्या हातून अकरा बाळंतिणी गेल्या होत्या, सगळ्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तापाने. त्यांनी प्रत्येकीच्या आदल्या दिवसाचं पान पाहिलं. कुणाचा सडलेला पाय, कुणाचं फुटलेलं गळू. एकाही बाईच्या आधीचं पान कोरं नव्हतं.

पहिली होती मार्गेड बेवन. त्या सकाळी डॉक्टरांनी एका नांगऱ्याच्या मांडीतला पू काढला, हात कोटाला पुसले, तेवढ्यात निरोप आला आणि ते घोड्यावर बसले. असे दौडले की घोडा बेवनच्या दारात छाती फुटून पडला. त्या दौडीची गोष्ट खोऱ्यात अजून सांगत. डॉक्टर असावा तर असा, म्हणत. डॉक्टरही ती ऐकून मनातून सुखावत. आता त्यांना कळत होतं की घोडा वाटेत पडला असता, तर मार्गेड आज जिवंत असती.

लेउसाने सगळं ऐकून घेतलं. मग तिने आपल्या हातांकडे पाहिलं.

"माझी आई म्हणायची, कणकेला आणि बाळाला धुतलेला हात लावावा," ती म्हणाली. "मी आपली तेवढंच करत आले. मला काय ठाऊक होतं असं नाही हो. ज्या घरी मी एकटी जायचे तिथल्या बायका उठून दुधाला लागायच्या, एवढं दिसायचं. वाटायचं, अवघड असतात त्यांनाच तुम्हाला बोलावतात, म्हणून जातात."

"आज बैठकीत सांगणार आहे मी."

"सांगू नका." लेउसा कुंपण ओलांडून आत आली. "नेस्टचे दिवस भरलेत. मूल आडवं आहे, मी काल हाताने पाहिलं. ते फिरवणं माझ्या बोटांना आता जमत नाही. तुम्ही आज तोंड उघडलंत तर तुदुर तुम्हाला उंबरा ओलांडू देईल? सांगायचंच तर ती मोकळी झाल्यावर सांगा. एवढी वीस वर्षं गेली, आठ दिवसांनी काय बिघडतंय?"

नेस्ट ही मार्गेडची लेक. आई गेली त्याच बाळंतपणातली. तिचा बाप तुदुर बेवन आणि प्रॉसर एकाच जहाजातून, एकाच फळीवर झोपून इथे आले होते. त्या वेळी तुदुर सुतार होता आणि प्रॉसर तरणा सर्जन. मायदेशातल्या इस्पितळात रोगी वेल्शमध्ये विव्हळत आणि डॉक्टर इंग्रजीत माना हलवत, त्याचा प्रॉसरना उबग आला होता. आपल्या माणसांना आपल्या भाषेत विचारणारा डॉक्टर हवा, म्हणून ते आले. तुदुरने दुसरं लग्न केलं नाही. दर शनिवारी दोघे तुदुरच्या अंगणात चहा घेत, लोणी-पाव खात आणि गव्हाच्या पाण्यावरून वाद घालत.

"बिघडतं," डॉक्टर म्हणाले. "न सांगता तिला हात लावला, तर अकरा वेळा नकळत शिरलो आणि बाराव्यांदा लपून शिरलो असं होईल."

लेउसाने कपाळाला हात लावला. शहाणी माणसं एकदा खरं बोलायला निघाली की कुणाचं ऐकत नाहीत, असं काहीसं पुटपुटत ती चादरी काढायला गेली.

बुधवारी उन्हं कलताना चॅपलमध्ये बैठक भरे. तिचा रिवाज असा की ज्याने त्याने उभं राहून आठवडाभरात आपला आत्मा कसा वागला ते सांगायचं. पुढच्या बाकावरच्या पंचांनी प्रश्न विचारायचे. एखाद्याचा अपराध मोठा असेल तर सगळ्यांनी हात वर करून त्याला मंडळीबाहेर काढायचं. एरवी अपराध लहानच असत. त्या दिवशी एका म्हातारीने कबूल केलं की शेजारणीची कोंबडी मरावी अशी प्रार्थना तिने केली होती, आणि कोंबडी मेली. आता यात तिचा दोष किती, असं तिने पंचांनाच विचारलं. मंडळी तोंडाला रुमाल लावून हसली.

मग प्रॉसर डॉक्टर उभे राहिले. अंगात कोट नाही, नुसता सदरा. ते पाहूनच लोक गप्प झाले.

त्यांनी सगळं सांगितलं. लांबण लावली नाही. अकरा नावं घेतली, नावामागून आदल्या दिवसाचा रोगी. कुठे एखादी बाई रडू लागली, कुठे बाक करकरला. पाद्री मध्येच उठले आणि म्हणाले की डॉक्टर थकले आहेत, जन्ममरण काही माणसाच्या हाती नसतं.

"ते माझ्या हाती होतं," डॉक्टर म्हणाले, "आणि माझे हात घाण होते."

पंचांच्या बाकावर मधोमध तुदुर बसला होता. त्या दिवशी प्रश्न विचारायची पाळी त्याचीच होती.

"कधी कळलं तुला?"

"नऊ दिवस झाले."

"म्हणजे शनिवारी चहाला आलास, तेव्हा ठाऊक होतं."

"होतं."

तुदुरने मान हलवली. त्याचे सुताराचे जाड हात मांडीवर होते, ते त्याने एकमेकांत घट्ट धरले.

"मार्गेड गेली तेव्हा मी देवाशी भांडलो," तो म्हणाला. "पाच वर्षं चॅपलमध्ये येऊन तोंड मिटून बसायचो. मग मनाची समजूत घातली आणि तिच्या थडग्याच्या दगडावर कोरून ठेवलं, ज्याची ठेव त्याने नेली. माझ्या हाताने कोरलं. पोरीला तेच वाचायला शिकवलं. आता तो दगड मी कुठे नेऊ, सांगा ना, डॉक्टर."

इतक्या वर्षांत त्याने प्रॉसरना इथेल म्हणूनच हाक मारली होती, कधी डॉक्टर म्हटलं नव्हतं.

पाद्र्यांना रिवाजाप्रमाणे हात वर करायला सांगावंच लागलं. लोकांना काही सुचेना. बाहेर काढावं तर खोऱ्यात दुसरा सर्जन नाही. ठेवावं तर अकरा घरं समोर बसलेली. शेवटी एकच हात वर झाला, तुदुरचा. एका हाताने कुणाला बाहेर काढता येत नाही. पण डॉक्टरांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि आपण होऊन बाहेर पडले.

गुरुवारी त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. शुक्रवारी एक जण ठणकणारी दाढ घेऊन फाटकापर्यंत आला आणि दाढेसकट परत गेला. डॉक्टरांनी टाकीतलं पाणी उकळून सुऱ्या धुतल्या, पुसल्या, पुन्हा धुतल्या. करायला दुसरं काही नव्हतं. आणि कान मात्र सारखे रस्त्याकडे.

शनिवारी दुपारी नेस्टचा नवरा एमलिन गाडी घेऊन आला. पोराच्या तोंडाला रंग नव्हता. पहाटेपासून कळा येत होत्या आणि आता बाळाचा हात बाहेर आला होता. लेउसाने दोनदा सांगितलं, डॉक्टरला बोलावा, आणि दोन्ही वेळा तुदुर गप्प राहिला. तिसऱ्यांदा तिने काय सांगितलं ते एमलिनने गाडीत खाली मान घालून सांगितलं. ती म्हणाली होती, तुदुर, आईला घाण हाताने मारलं, लेकीला तुझ्या रागाने मारू नकोस.

गाडी पोचली तेव्हा तुदुर दारात उभा होता. वाट अडवून. एका हातात वाफाळती किटली, दुसऱ्या हातात कपडे धुण्याच्या साबणाची वडी, पायाशी परात.

"बाह्या वर करा," तो म्हणाला.

डॉक्टरांनी बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. परातीवर हात धरले. तुदुर पाणी ओतू लागला. पाणी फार कढत होतं, पण डॉक्टरांनी हात मागे घेतले नाहीत. बोटं चोळली, नखं चोळली, मनगटं चोळली. आतून नेस्टचं कण्हणं ऐकू येत होतं.

"पुन्हा," तुदुर म्हणाला.

डॉक्टरांनी पुन्हा धुतले.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा धुवून झाल्यावर कार्बोलिकच्या पाण्यात हात बुडवले. कढत पाण्याने आधीच लाल झालेली कातडी त्याने चरचरली. मग तुदुर दारातून बाजूला झाला.

मूल फिरवायला अर्धा तास लागला. पायाकडून आलं, निळंजांभळं, आणि लेउसाने त्याला उलटं धरून पाठीवर चापट मारली तसं ते रागावून रडलं. मुलगा होता. एमलिन दाराच्या चौकटीला धरून रडला. डॉक्टरांचं त्या रडण्याकडे लक्ष नव्हतं. ते नेस्टकडे पाहत होते. ती हसली आणि तिने चहा मागितला. तिच्या कपाळावर हात ठेवावा असं त्यांना फार वाटलं, पण त्यांनी ठेवला नाही. मार्गेडही बाळंतपणानंतर अशीच हसली होती आणि तिनेही चहा मागितला होता.

पुढचे तीन दिवस डॉक्टर सकाळी घोड्यावरून येत आणि फाटकापाशी उभे राहत. आत जात नसत. लेउसा बाहेर येऊन, ताप नाही, एवढं सांगे. घरून आणलेला पाव ते तिथेच उभ्याने खात. वाऱ्याने धूळ उडे, ती त्यांच्या दाढीत भरे. रस्त्याने जाणारे लोक त्यांना पाहून टोपीला हात लावायचा की नाही या विचारात पडत आणि तेवढ्यात पुढे निघून जात.

चौथ्या दिवशी लेउसा आली नाही. ऊन चढलं तरी आली नाही. डॉक्टरांनी फाटकाचा लोखंडी कोयंडा इतका घट्ट धरला होता की तळव्यावर वळ उठला. मग दार उघडलं आणि तुदुर आला. हातात तीच किटली, खांद्यावर पंचा. तो हळूहळू चालत फाटकापर्यंत आला. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"ताप नाही," तो म्हणाला. "उठून बसलीय. पावाला लोणी लाव म्हणाली, जास्त."

डॉक्टरांनी कोयंडा सोडला. ते फाटकाला टेकले.

तुदुर किटलीकडे बघत होता. ती मार्गेडची होती. लग्नात आणलेली, जहाजातून आलेली, बुडाशी दोनदा डाग दिलेली.

"म्हणजे एवढंच लागत होतं," तो म्हणाला. "एक किटली पाणी. चुलीवर तेव्हाही होती ही. त्या दिवशीही पाणी तापलेलंच होतं, इथेल. चहासाठी ठेवलं होतं."

पोर वाचली होती, आणि वाचून तिने मार्गेडचं मरण पुरतं सिद्ध केलं होतं. आतापर्यंत ते फक्त एका पुस्तिकेत छापलेलं होतं. आता ते आत बसून लोणी-पाव खात होतं. दोघांनाही ते कळलं होतं.

"खालच्या गिरणीवाल्या रीसच्या सुनेचे दिवस भरलेत," तुदुर म्हणाला. "लेउसा म्हणते, पहिलटकरीण आहे, अवघड जाईल. तुम्हाला बोलावू का म्हणून काल रीस मला विचारायला आला होता."

"काय सांगितलंस?"

"बोलाव म्हटलं." त्याने किटली खाली टेकवली नाही. "मीही येईन तिथे. पाणी मी ओतणार. खोऱ्यात जिथे जिथे तुम्ही जाल तिथे. माझ्या अंगात ताकद आहे तोवर."

डॉक्टरांनी मान हलवली, बाह्या दुमडल्या, दोन्ही हात फाटकावरून पुढे केले. आत जायचं नव्हतं, कुणाला हात लावायचा नव्हता. तुदुरने त्या लाल, सालपटं निघालेल्या हातांकडे पाहिलं. मग किटली तिरकी केली. पाणी केव्हाच निवलं होतं. ते त्याने शेवटच्या थेंबापर्यंत सावकाश त्या हातांवर ओतलं, खांद्यावरचा पंचा फाटकावर ठेवला आणि रिकामी किटली घेऊन घरात गेला.