उजव्या पायाच्या चपलांची पोपटी

हैबतीचा उजवा पाय साखरेच्या दुखण्यात गुडघ्याखाली गेला, त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. पाय त्याचाच होता, गेला. पण पोपटीचं मडकं उपडं घालायचा मान पुतण्यानं नेला, तो मात्र त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला.

कापडे गावात थंडी पडून वालाच्या शेंगा भरल्या की शनिवारी शेतावर पोपटी लागायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, ओवा, मीठ, आणि तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा. मग भरलं मडकं दोन्ही हातांनी एका झटक्यात उपडं घालायचं नि भोवती पेंढा पेटवायचा. झटका चुकला की पाला सुटला, शेंगा मातीत. हैबतीच्या हातून आजवर एक शेंग सुटली नव्हती. त्याच्या पोपटीचा वास उमरठपर्यंत जायचा आणि तिथल्या कोंबड्या आपणहून अंडी घालायला चालत यायच्या, असं तो सांगे.

"कोंबड्या नाय, त्यांचे मालक यायचे," त्याची बायको ठकूबाई म्हणे. "फुकट गिळायला."

यंदा पुतण्या अरविंद शनिवार आला की मुंबईहून मित्र घेऊन हजर. पहिल्याच खेपेला त्यानं हैबतीला ओटीवर खुर्चीत बसवलं, अंगावर गोधडी टाकली आणि हातात टीव्हीचा रिमोट दिला.

"तात्या, थंडी हाय. तुमाला झेपायचं नाय. रिस्क कशाला? मस्त टीव्ही बघा."

"अरे, मडकं कोण घालील?"

"मी हाय ना! मडक्याला दोन हात लागतात. तुमची कुबडी मग काय मी पकडू?"

मित्र खो खो हसले. शेतावरून परत येताना त्यांनी तात्यांसाठी पानात बांधून पुडी आणली. हैबती सोडून बघतो तर आत नुसती शेंगांची टरफलं!

"चुकून आली वाटतं," अरविंद म्हणाला.

हैबतीनं ती फेकली नाहीत. पुडी पुन्हा बांधून खिडकीत ठेवली आणि रोज सकाळी देवाआधी तिचं दर्शन घेऊ लागला.

महाडला त्याला व्यायाम शिकवणाऱ्या अनुपमा मॅडम म्हणाल्या, "काका, हिवाळ्यात अंग आखडतं, आणि सुट्टीच्या दिवशी एकटं पडलं की मनही आखडतं. शनिवार-रविवार स्वतःला कशात तरी गुंतवा. तोल सांभाळायचा सराव सोडू नका."

"गुंतवतो की," हैबती म्हणाला.

मंडळी शेतावर गेली की तो परसात यायचा. जुन्या मडक्यात नदीचे गोटे भरायचे, कुबडी सोडायची, मडकं उचलायचं. आणि धाडकन पडायचं.

"पडायचं तर पेंढ्यात पडा," ठकूबाई भोवती भारे रचत म्हणायची. "माझ्या मिरच्यांवर नको."

प्रत्येक वेळी तो अरविंदचं नाव दातांखाली चावून उठायचा. रविवारी पाहुणे घोरत असले तरी याचा सराव चालूच. सगळा राग हळूहळू डाव्या पायात उतरला आणि पाय खांबासारखा घट्ट झाला. संक्रांतीपर्यंत तर तो असा उभा राहू लागला, की एक बगळा शेजारी येऊन पैज लावायचा आणि हरून दुसरा पाय टेकायचा.

"काका, तोल केवढा सुधारलाय!" मॅडम म्हणाल्या. "करता काय?"

"पुतण्याची आठवण काढतो."

"किती माया!"

मग अरविंदनं जाहीर केलं, की येत्या शनिवारी आपले मुंबईचे साहेब पोपटी खायला येणार. त्या दुपारी त्यानं परसात मडकं भरलं, पाला कोंबला आणि साहेबांना आणायला पोलादपूरच्या स्टँडवर गेला. तेवढ्यात ठकूबाईनं ते पेंढ्याआड दडवलं आणि जागी सरावाचं मडकं ठेवलं. त्याच्या तोंडाशीही तसाच पाला होता. आत गोटे होते, आणि गोट्यांवर हैबतीच्या कोऱ्या चपला. सगळ्या उजव्या पायाच्या. जोड घेतला की एक उरायचीच.

दिवेलागणीला शेतावर जाळ झाला. "वेगळाच फ्लेवर हाय," साहेब म्हणाले. जरा वेळानं तो फ्लेवर आंबेनळी घाटात चढला आणि तिथली माकडं नाक धरून थेट महाबळेश्वरला पोचली.

इकडे परसात हैबतीनं खरं मडकं पुढ्यात घेतलं. कुबडी ठकूबाईच्या हाती दिली.

"धरू का तुमाला?"

"हात लावलास तर बघ."

मडकं उचललं. गुडघा थरथरला, मडकं एका बाजूला कलंडू लागलं, पाला करकरला. हैबतीनं डोळ्यांपुढे ती टरफलं आणली. गुडघा थांबला. एक झटका, आणि मडकं मातीवर उपडं! एक शेंग सुटली नाही. हैबती तसाच एका पायावर उभा राहून पेंढा पेटताना बघत राहिला.

शेतावर मडकं उघडलं तेव्हा साहेबांच्या पानात चपलेचा वितळलेला अंगठा पडला. साहेब शिंकत, शिव्या देत निघाले, ते वास हुंगत हैबतीच्या परसात येऊन ठेपले आणि मांडी घालून बसले. मागोमाग मित्र आले. सगळ्यात शेवटी काळवंडलेलं तोंड घेऊन अरविंद.

"तात्या, चार शेंगा..."

"तू ओटीवर ये."

हैबतीनं त्याला खुर्चीत बसवलं, अंगावर गोधडी टाकली, हातात रिमोट दिला. "थंडी हाय रे. तुला झेपायचं नाय."

परसातून साहेबांच्या मिटक्या मारण्याचा आवाज आला. मग हैबती कुबडी टेकत खिडकीशी गेला, ती पुडी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

अरविंदनं अधाशासारखी सोडली.

"चुकून आली वाटतं," हैबती म्हणाला आणि शेंगा खायला परसात गेला.