विसापर्यंत मोजायचं

इंजेक्शनच्या त्या रिकाम्या बाटलीचं रबरी बूच अंगठ्यानं दाबलं की आत जायचं, सोडलं की वर यायचं — सकाळपासून खिशात हात घालून भीमराजचा हाच उद्योग चालला होता. साडेतीनला शिफ्ट सुटायच्या आत बाटली भरायची होती. हौदातलं थोडं अ‍ॅसिड, वर पाणी, झालं. दोनदा केलेलं काम तिसऱ्यांदा करायला असं काय लागतं? पण आज हात खिशातून निघायला तयार नव्हता.

चिंचवडच्या त्या शेडमध्ये सायकलींच्या हँडलांवर निकेल चढवत, आणि त्याआधीचं काम भीमराजचं. गंजकी हँडलं तारेला टांगून अ‍ॅसिडच्या हौदात सोडायची, विसापर्यंत मोजायचं, वर ओढायची. वीस म्हणजे वीस. एकवीस झाले की फोरमन दौलतराव आईबाप काढायचे. गंज कुठल्या कुठे जायचा आणि आतलं लोखंड नुकतं तोंड धुतल्यासारखं स्वच्छ दिसायचं… तेव्हाच कधीतरी त्याच्या मनात आलं होतं, एवढा गंज जातो, तर डाग का जाणार नाही?

डाग कस्तुराच्या, त्याच्या धाकट्या बहिणीच्या दातांवर होते. मराठवाड्यातल्या त्यांच्या गावच्या विहिरीचं पाणीच तसलं. गावात सगळ्यांचेच दात तपकिरी, आडव्या पट्ट्यांचे. त्याचेही. पण त्याला नोकरीवर घेताना कोणी तोंड उघड म्हणालं नव्हतं. धाकट्या बहिणीला मात्र दोन स्थळांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. दुसऱ्या स्थळाची आत्या तर उंबऱ्यातच म्हणाली, “पोरगी गुणाची हो, पण तोंड उघडलं की…” आणि वाक्य तिथंच टाकून चपला शोधू लागली. कस्तुरा आतच उभी होती. त्या दिवसापासून ती हसताना पदर तोंडावर घ्यायला लागली, पुढंपुढं हसायच्या आधीच घ्यायला लागली, आणि मग पदर तेवढा राहिला.

गेल्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, काडीला कापूस गुंडाळून त्यानं ते अ‍ॅसिडचं पाणी तिच्या दातांना पहिल्यांदा लावलं. ओठ तिनं स्वतःच बोटांनी वर धरले होते. वीस मोजले, चूळ भरायला लावली. तिनं आरशात पाहिलं आणि हसली — पदर न घेता! त्याला धन्य वाटलं होतं. बाप असता तर यापेक्षा काय करणार होता? सोमवारी पुन्हा लावलं. आज बुधवार, पाचच्या गाडीनं तळेगावचे पाहुणे येणार होते, आणि सकाळी निघताना ती दारात येऊन म्हणाली होती, “दादा, उजवीकडचा एक राहिलाय. येताना आणशील ना?”

आणि मग जेवणाच्या सुट्टीत भिवामामा.

भिवामामा त्याच हौदावर बारा वर्षं होते. भाकरी चहात बुडवून खायचे, प्यायच्या पाण्याची बाटली उन्हात ठेवायचे. म्हाताऱ्याचं खूळ, असं सगळेच म्हणत, भीमराजही. आज, का कोण जाणे, त्यानं विचारलं.

“मामा, पाणी उन्हात कशाला ओ?”

मामांनी अंगठ्यानं वरचा ओठ उचलला. समोरचे दात निम्मेच उरले होते, कडेला पातळ, पिवळे.

“हौदाच्या वाफंनं खाल्लं, बाबा. आदी पांढरंफेक झालं व्हतं — आमची बायकू खूश! मंग वरचं कवच गेलं. आता गार पानी सोड, नुसतं वारं लागलं तरी कळ मस्तकात जाती.”

“ते कवच… परत येतं का?”

“लोखंडावर निकेल चढतंय,” मामा भाकरी बुडवत म्हणाले, “दातावर काय चढवतूस?”

घास त्याच्या हातातच राहिला. हौदातून काढलेलं हँडल तासभर तसंच पडलं तर पहिल्यापेक्षा वाईट गंजतं — हे त्याला ठाऊक होतं! दिवसातून दहादा दौलतराव ओरडत, उघडं ठेवू नका रे! रोज कानावर पडणारं ते वाक्य घरी जाताना कुठं जात होतं? अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो मी… अर्धंच काम शिकून बहिणीच्या तोंडात हात घातला. आणि सोमवारी रात्री माठातल्या पाण्याचा तांब्या तिनं एका घोटावर खाली ठेवला, तेव्हापासून ती पाणी कोमट करून पिते. घसा धरलाय म्हणाली. मी मान डोलावली, आणि आल्याचा काढा कर म्हणालो.

तरीही साडेतीनला त्यानं बाटली भरली. रिकामी नेली असती तर का म्हणून सांगावं लागलं असतं. भरलेली नेली तर… ते त्याला माहीत नव्हतं.

घरात आई नव्हती, शेजारी खुर्च्या मागायला गेली होती. कस्तुरा दाराच्या उजेडात बसली होती, इस्त्रीची साडी नेसून. पुढ्यात आरसा आणि कापूस गुंडाळलेली काडी.

“आणलंस?”

“कस्तुरा, दात दुखतात का?”

ती आरशात बघत राहिली.

“खरं सांग. गार पाण्यानं कळ येते?”

“येते.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस? अगं, वरचं कवच जातंय ते. परत येत नाही. म्हातारपणी—”

“म्हातारपणी काय व्हायचं ते होईल,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्तच घाबरला. “आधी काय कमी दुखत होतं, दादा? तेव्हा तू विचारलं नाहीस.”

दुपारपासून त्याला एकच धास्ती होती, की तिला कळेल. ती धास्ती ठेवायला आता जागा उरली नाही. उपकार करणारा भाऊ दाराबाहेर राहिला होता आणि आत त्याच्या जागी कोण उभं होतं, हे त्याला सांगता येईना. जिभेनं त्यानं स्वतःचे दात चाचपले. तपकिरी, खरबरीत, सगळे शाबूत. त्याला त्यांची लाज वाटली.

“गाडी यायची वेळ झाली,” कस्तुरा म्हणाली आणि तिनं ओठ वर धरला. “मोज.”

बाटली खिशातच होती, बूच अंगठ्याखाली. तो जागचा हलला नाही. पण आत कुठंतरी मोजणं सुरू झालं होतं — एक, दोन, तीन… — आणि विसाला ते थांबवायला इथं दौलतराव नव्हते.