विचारून गेलेली वाट

देवानं माणसाला पाय दिले, तेव्हा त्यांच्याबरोबर थोडी वाटही दिली असणार, असं ताईंना पूर्वी वाटायचं. हल्ली वाटायचं, पाय तेवढे त्यानं दिले आणि वाटेचं मात्र मालकाशी बोलून घ्या म्हणाला.

ताईंचं ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर पंक्चरच्या सोल्यूशनचा वास वर यायचा. कुणाच्या नदीत कारखान्यानं पाणी सोडलेलं, कुणाची टेकडी कुणी कापायला घेतलेली, कुणाच्या पायवाटेवर एका रात्रीत फाटक उगवलेलं. अशी माणसं तो जिना चढून वर यायची. अर्ज कुठं द्यायचा, साक्षीदार कसे जमवायचे, सभेत आवाज न चढवता कसं बोलायचं, एवढं ताई सांगायच्या. भांडण ज्याचं त्यानं भांडायचं, ताईंनी पाठीशी उभं राहायचं. 'लोकांच्या पाठीशी उभी राहून राहून तुझी पाठ गेली,' असं नवरा म्हणायचा आणि मलमाची ट्यूब शोधायला लागायचा. तो औषधांच्या दुकानात कामाला होता, त्यामुळे मलमाला तोटा नव्हता.

त्या दिवसांत नदीच्या वाटेचं प्रकरण चाललं होतं. गावाच्या टोकाला शेवटच्या घरांच्या मागून एक वाट निघायची, शेताच्या बांधानं जायची आणि नदीच्या वळणावर सपाट खडकांपाशी पोहोचायची. तिथून पुढं काठाकाठानं गर्द झाडीत शिरायची. वाटेत बघण्यासारखं काही नव्हतं. पोरं पोहायला जायची, गुडघे धरलेली माणसं डॉक्टरनं सांगितलं म्हणून जायची, आणि ज्यांना घरात रडता येत नाही ती माणसंही जायची. वाटेच्या तोंडाशी जमिनीच्या मालकाचं घर होतं. सगळे त्यांना दाढीवाले म्हणत. दाढीवाले गेले, शहरातून त्यांचा पुतण्या आला. त्याला नदीकाठी पाहुण्यांसाठी तंबू मांडायचे होते. महिन्याभरात वाटेवर लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप आणि कुलपावर पाटी. शेताला कुंपण घालतात ते शेत राखायला, याचं कुंपण मात्र लोकांची वाट खाऊन बसलं.

कायदा तसा लोकांच्या बाजूचा होता. वीस वर्षं लोक एखाद्या वाटेनं उघडपणे, कुणाची परवानगी न घेता जात असतील, तर ती वाट लोकांची. पण परवानगी घेऊन जात असतील, तर मग ती मालकाची मेहरबानी. मेहरबानी केव्हाही परत घेता येते.

साक्षीदार भरपूर होते, पण सगळ्यांत भारी शिंपीमामा. दर रविवारी सकाळी पाच-पन्नास माणसांना घेऊन या वाटेनं फिरायला जाणारे तेच. त्यांच्यासारखा साक्षीदार मिळायला भाग्य लागतं. सुनावणीच्या आधल्या आठवड्यात ताई त्यांच्या घरी गेल्या. शिलाई मशीन आता सूनबाईकडं होतं. मामा खिडकीशी बसून पँटच्या पायाची शिवण उसवत होते.

"मामा, काय काय विचारतील ते एकदा बघून घेऊ," ताई म्हणाल्या. "त्या वाटेनं जाताना तुम्हाला कधी कुणी अडवलं?"

"कोण अडवणार? दाढीवाल्यांना विचारूनच जायचो की."

ताईंचं पेन थांबलं. "विचारून म्हणजे?"

"दार वाजवायचं. म्हणायचं, अहो, जाऊ का नदीवर? ते म्हणायचे, जा. मग जायचं."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. माणसाच्या दारावरून जायचं आणि विचारायचं नाही? आमच्या आईनं तंगडी मोडली असती."

मशीन थांबवून सूनबाई म्हणाली, "ते घरातल्या घरात विचारतात हो, ताई. आंघोळीला जाऊ का, पंखा लावू का. स्वतःच्या घरात."

"तुझ्या घरात," मामा म्हणाले. "लावू का, म्हटलं की तू नाही म्हणतेस, मग मी लावतो. तेवढीच तुझ्या शब्दाला किंमत."

सूनबाई हसली. ताईंना हसू आलं नाही. सभ्य माणसांचं हे असंच होतं. ज्यानं बांध तुडवला, फाटक मोडलं, मालकाला शिव्या घातल्या, त्याला कायदा म्हणतो, वाट तुझी. ज्यानं चपला काढून दार वाजवलं, त्याला म्हणतो, तू तर पाहुणा. आणि ताईंना आणखी एक गोष्ट आठवली. त्यांच्याच ऑफिसनं काही वर्षांपूर्वी फिरणाऱ्यांसाठी एक पत्रक काढलं होतं. कचरा करू नका, फांद्या तोडू नका, मालकाशी सौजन्यानं वागा. ते शेवटचं वाक्य त्यांनी स्वतः घातलं होतं, कारण तेव्हा लोक फारच भांडत होते.

"मामा, हे तुम्ही अजून कुणाला सांगितलंय?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत आहे."

खोदून विचारल्यावर कळलं, बाकीच्यांना ते माहीतच नव्हतं. मामा पुढं जाऊन दार वाजवायचे, माणसं मागून गप्पा मारत यायची, त्यांना वाटायचं मामा रामराम करतायत. एवढाच एक आधार ताईंना सापडला. तो घेऊन त्या घरी आल्या आणि चपला न काढताच खुर्चीत बसल्या.

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "मग मामांना नको उभं करूस."

"तो खोटेपणा होतो."

"खोटं बोलायला कोण सांगतंय? बोलूच नकोस म्हणतोय."

"तुझ्या दुकानात असं करतोस का?"

"माझ्या दुकानात गिऱ्हाईक विचारेल तेवढंच सांगायची पद्धत आहे," तो म्हणाला. "उठ, पाठ दाखव."

मलम लावून घेताना ताईंनी मनाशी हिशेब मांडला. मामा नसले तरी बारा साक्षीदार. मामा असले तर वाट गेली. आणि वाट गेली तर ती पोरं, ते गुडघे, ती रडणारी माणसं. देव काही सुनावणीला येऊन बसत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दमल्या होत्या. दमलेल्या माणसाला अधर्मही थोडा मऊ लागतो, उशीसारखा. दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांना फोन केला.

"मामा, सुनावणीला तुम्ही नका येऊ. दिवसभर बसायचं, तिथल्या खुर्च्या कडक. तुमची तब्येत बघता मी दुसऱ्यांना सांगितलंय."

पलीकडून मामा म्हणाले, "बरं. तू म्हणतेस तर बरं."

एवढ्या लवकर ते बरं म्हणाले, हे ताईंना रात्रभर टोचत राहिलं.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. सरकारनं पाठवलेल्या अधिकारी बाई वयानं ताईंएवढ्याच आणि चेहऱ्यावरून तेवढ्याच दमलेल्या. एका टेबलाशी पुतण्या आणि त्याचा वकील, दुसऱ्या टेबलाशी ताई. मागं गाव. सगळ्यांत मागच्या ओळीत इस्त्रीच्या कोटात मामा बसले होते, मांडीवर टोपी धरून. ताईंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

साक्षी चांगल्या झाल्या. पाववाला बोलला, शाळेतल्या बाई बोलल्या, दोन पोरांची आई बोलली. कधी कुणाला विचारलं का, असं वकिलानं प्रत्येकाला विचारलं. प्रत्येक जण खरंच म्हणाला, नाही. दुपारपर्यंत वकिलाचा घसा बसला. पुतण्या घड्याळ बघायला लागला. ताईंच्या खांद्यांवरचं ओझं इंच इंच उतरत होतं.

अधिकारी बाईंनी शेवटी विचारलं, "आणखी कुणाला काही सांगायचंय?"

मागून हात वर झाला. "बोलू का?" मामा म्हणाले.

ताईंनी डोळे मिटले.

मामा पुढं येऊन उभे राहिले. घसा साफ करून, कुणी विचारायच्या आत, त्यांनी सगळं सांगून टाकलं. दार वाजवायचो. जाऊ का म्हणायचो. ते जा म्हणायचे. इतकी वर्षं. हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. पाववाला ताईंकडं बघायला लागला, जसं काही ताईंनीच त्यांना हे शिकवलं होतं. वकिलाचा बसलेला घसा एकदम सुटला.

"म्हणजे परवानगी घेऊन जात होता. दर वेळी."

"दर वेळी."

"माझं झालं," वकील म्हणाला आणि कागद गोळा करायला लागला.

बाईंचं झालं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आणि ते नाही म्हणाले असते तर?"

"म्हणाले होते एकदा," मामा म्हणाले.

वकिलाचे हात थांबले.

"त्यांची बायको गेली त्याच्या पुढच्या रविवारी. दार उघडलंच नाही. आतून ओरडले, आज कुणी जायचं नाही, माघारी फिरा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"गेलो."

"नाही म्हटल्यावर?"

"हो. नदी त्यांची कुठं होती, बाई? वाटसुद्धा त्यांच्या आधीपासूनची. मागं एवढी माणसं उभी, त्यांना काय सांगणार?" मामांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "शिवाय परत येताना बघायचं होतं, माणूस जेवलाय का नाही ते. येताना परत वाजवलं, तेव्हा उघडलं."

"त्यांनी मना केलं असूनही तुम्ही घुसलात," वकील म्हणाला.

"घुसलो कसले, गेलो. घुसायला तिथं फाटक कुठं होतं तेव्हा?"

मागच्या ओळीत कुणीतरी फसकन हसलं. बाई मात्र लिहीत होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "नाही म्हटल्यावरही जाणार होतात, मग विचारत का होता?"

मामांना हा प्रश्न कठीण गेला.

"एकटा माणूस हो. आठवड्यातून एकदा कुणी हाक मारली पाहिजे. त्यांना गप्पा मारता येत नव्हत्या. परवानगी देता येत होती, मग ती देत होते."

पुतण्यानं पहिल्यांदाच मान वर करून मामांकडं पाहिलं. बाईंनी आणखी बरंच लिहिलं आणि निकाल कळवू म्हणाल्या.

बाहेरच्या व्हरांड्यात पोरांसाठीचे बुटके नळ होते. मामा वाकून पाणी प्यायले. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"बिघडवलं का गं मी?"

"माहीत नाही, मामा. खरंच माहीत नाही."

"तू मला येऊ नको म्हणालीस."

"तुमची तब्येत..."

"तुझा तो जिना चढून येत होतो इतके महिने, तेव्हा माझी तब्येत तुला दिसली नाही. परवा फोनवरून दिसली." ते चिडून बोलत नव्हते, तेच अवघड होतं. "मी गप्प बसणार होतो. घरी बसवेना. म्हटलं, नुसतं ऐकायला जाऊ. मग त्या बाईंनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. आता विचारल्यावर..."

"विचारल्यावर सांगायचं," ताई म्हणाल्या.

"तेवढं तरी."

माफी मागायला ताईंनी तोंड उघडलं, पण जे आलं ते निराळंच. "मी दमलेय हो मामा," त्या म्हणाल्या.

"ते दिसतंय," मामा म्हणाले आणि त्यांच्या हातातली जड पिशवी घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेले. विचारलं नाही, नुसती घेतली.

निकाल यायला ऋतू उलटला. मधल्या काळात एक टेकडी कापली गेली, एक तळं वाचलं, एका गावचे लोक आपसांतच भांडून निघून गेले. ताई जिना चढत राहिल्या, उतरत राहिल्या.

एका दुपारी निकाल आला. ताईंनी तो उभ्याउभ्याच वाचला. नाही म्हटल्यावरही लोक गेले आणि कुणी त्यांना रोखलं नाही, तेव्हा त्या 'जा'ला परवानगी म्हणता येणार नाही, तो दोन शेजाऱ्यांचा व्यवहार होता. असं बाईंनी सरळ लिहिलं होतं. फाटक काढायचं. वाट लोकांची, नदीच्या खडकांपर्यंत. खडकांपलीकडच्या झाडीबद्दल मात्र कुणीच नीट सांगू शकलं नव्हतं, मामांनाही ते विचारायचं राहून गेलं होतं. म्हणून झाडी मालकाची. तिथं तंबू होणार.

आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल कुठंतरी खोल, पण तो वर यायला फार पायऱ्या होत्या. झाडीत काय होतं, ताईंना माहीत नव्हतं. त्यांनी ती वाट नकाशावर इतक्या वेळा रंगवली होती की तिच्यावरून चालून आल्यासारखंच झालं होतं. पण गेल्या कधीच नव्हत्या.

त्यांनी मामांच्या घरी फोन लावला. सूनबाईनं घेतला, मागं मशीन थांबल्याचा आवाज.

"मामा आहेत?"

"नदीवर गेलेत."

"कसे? फाटक अजून आहे ना?"

"फाटकाच्या कडेनं कुंपणात फट आहे. सुनावणीच्या दुसऱ्या दिवसापासून जातायत रोज. मी म्हटलं, अहो, निकाल तरी येऊ द्या. तर म्हणाले, नाही म्हटलं तरी जातो असं आता सरकारलाच सांगून बसलोय, आता न जाऊन कसं चालेल?"

"आणि तो पुतण्या?"

"तो घराच्या पायरीवर बसलेला असतो. बोलत नाहीत एकमेकांशी. न विचारता जायचं म्हणजे मामांचा जीव कसा कासावीस होत असेल, विचार करा." ती हसली, मग थांबली. "काय झालं निकालाचं?"

ताईंनी सांगितलं. नदीपर्यंत हो, झाडीला नाही.

"झाडीत काय ठेवलंय," सूनबाई म्हणाली. पण लगेच म्हणाली नाही, थोड्या वेळानं म्हणाली. "सांगते त्यांना आल्यावर. तुम्ही या की एकदा. इतकं केलंत त्या वाटेसाठी, आणि बघितली नाहीत अजून."

"येईन. या रविवारी नाही, पुढच्या."

"बघा हं."

ताईंनी फोन ठेवला. खाली कुणीतरी चाक फिरवून बघत होतं, त्याची टकटक वर येत होती. जिन्यावर पावलं वाजली. दोन माणसं होती, एकमेकांना पुढं ढकलत, वर यायचं का नाही ते ठरवत. ताईंनी पाठ सरळ केली आणि माठातलं पाणी काढायला उठल्या.