दोन्ही डावे

बाईंनी एकदा देवाला शब्द दिला होता. हे आपल्या पायांनी घराबाहेर जाऊन परत येत नाहीत, तोवर माझ्या पायात काही चढणार नाही, असा. तो नवस नसता तर मी या घरात आलोच नसतो. म्हणून माझी गोष्ट तिथूनच सांगायला हवी. नाहीतर माझं काय एवढं मोठं! मी एक बूट आहे. बायकांचा, राखाडी रंगाचा, मऊ तळाचा, डाव्या पायाचा. आणि माझ्या खोक्यात माझ्या शेजारी जो राहतो, तोही डावाच.

नवसाच्या वेळी मी नव्हतो. पण आमच्या खोक्याचं झाकण नेहमी अर्धं उघडं असतं, त्यामुळे घरातलं सगळं कानावर पडतं. बाईंचे यजमान वायरमन. एका इमारतीत काम करताना ते शिडीवरून पडले आणि कमरेचं हाड मोडलं. बाई तशाच उठून दवाखान्यात धावल्या. तिथल्या थंडगार फरशीवर उभं राहून त्यांनी देवाला तो शब्द दिला, आणि चपला बाकाखालीच राहिल्या.

पुढे कितीतरी महिने त्या अनवाणी हिंडल्या. तापलेल्या डांबरावरून, खडीवरून, बाजारातल्या चिखलातून. शेजारीण म्हणायची, "अगं, भाजी आणायला जाताना तरी घाल काहीतरी. देव काय भाजीवाल्यापर्यंत बघायला येतोय?"

"भाजीवाल्यापर्यंत येत नसेल, तर दवाखान्यापर्यंत तरी कसा येईल?" बाई हसून म्हणायच्या आणि पिशवी उचलून चालू लागायच्या.

देव कुठपर्यंत आला ते मला सांगता येणार नाही. पण एका सकाळी यजमान काठी टेकत टेकत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले, काड्यापेटी घेतली आणि परत आले. बाईंनी ती काड्यापेटी दोन्ही हातांत धरली आणि दारातच रडायला बसल्या. यजमान म्हणाले, "अगं, काड्यापेटीच आहे. दागिना आणल्यासारखी काय बघतेस?"

नवस फिटला. पण पायांनी तोवर आपला हिशेब मांडून ठेवला होता. बाईंना साखरेचा आजार, तळपायांची जाणीव आधीच कमी झालेली. उजव्या अंगठ्याखाली काच रुतली ती त्यांना कळलीच नाही. फरशीवर लाल ठसे उमटले ते यजमानांनी पाहिले, तेव्हा उजेड पडला. जखम काही केल्या भरेना. डॉक्टरीणबाईंनी पाय मांडीवर घेऊन नीट पाहिला आणि त्यांचा आवाज एकदम हळू झाला. म्हणाल्या, "काकू, देवाचं ऐकून झालं ना? आता माझं ऐका. रुंद, मऊ, आतून शिवण नसलेले बूट घाला आणि पाऊलभरसुद्धा अनवाणी चालू नका. जखम आत शिरली तर अंगठा ठेवता येणार नाही."

दुकानं धुंडाळून झाली. सुजलेल्या पायाला सगळे बूट अरुंद. जे पाय आत घेत, ते जखमेवरच टोचत. शेवटी लेकीने फोनवर शोधून शोधून मला निवडलं. म्हणजे मला आणि माझ्या जोडीदाराला.

आता माझ्या जन्माचं सांगतो. लांबलचक शेडमध्ये, रबराच्या वासात माझा जन्म झाला. एका यंत्राने तळ दाबून काढला, दुसऱ्याने कापड चिकटवलं. डावे एका पेटीत, उजवे दुसऱ्या पेटीत. मधल्या टेबलावर बायका एक इकडून, एक तिकडून उचलून जोड्या लावत. हाताला इतकी सवय की डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे असले तरी चालत. त्या दिवशी एका हाताने एकाच पेटीतून दोन उचलले. मी त्या बाईला बोल लावत नाही. तिच्याही घरी कोणी आजारी असेल.

खोक्याच्या अंधारात मला ते आधी कळलंच नाही. जोडीचे बूट एकमेकांकडे तोंड करून झोपतात, एकाचा बाक दुसऱ्याच्या बाकात बसतो. आम्ही मात्र सारखे एकमेकांना ढोपरं मारत होतो. मला वाटलं, नवा संसार आहे, जमेल हळूहळू.

खोकं उघडलं तेव्हा सगळं घर गोळा झालं होतं. माझा जोडीदार आधी निघाला, बाईंच्या डाव्या पायात गेला, आणि बाईंच्या तोंडून नुसता एक सुस्कारा बाहेर पडला. "कापसावर पाय ठेवल्यासारखं वाटतंय गं," त्या लेकीला म्हणाल्या. मग माझी पाळी आली. मी उजव्या पायात जाईना. बाईंनी हळूच दाबलं, मग जोर लावला, मग टाच आत कोंबली. माझी कड थेट त्या जखमेवर आली. मी आक्रसायचा किती प्रयत्न केला. पण बुटाला आक्रसता येतं का?

आणि बाई काय म्हणाल्या ऐका. म्हणाल्या, "माझाच पाय सुजलाय आज. घालून चालले की होईल सवय." बूट चुकला असेल हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही. खोलीत त्या चार फेऱ्या मारून आल्या. लंगडत, पण तोंडभर हसत. लेक बिचारी खुशीत फोनवर बूट मिळाल्याची खूण करत बसली होती.

यजमान खाटेवरून बघत होते. आयुष्यभर तारांचे लाल-काळे ओळखलेली नजर ती. म्हणाले, "थांब जरा. काढ ते. अगं, हे दोन्ही डावेच आहेत."

बाईंनी आम्हाला शेजारी ठेवून पाहिलं. मग कपाळाला हात लावून हसायला लागल्या. "जन्मात मी कुणात डावं-उजवं केलं नाही, आणि माझ्याच पदरात दोन डावे!" सगळे हसले. माझ्या आतल्या कापडावर उमटलेला लाल डाग तोवर कुणाला दिसला नव्हता.

इथून पुढची गोष्ट फोनची आहे. लेक तक्रार करायला बसली. तिथे कारणांची यादी होती. माप लहान, माप मोठं, रंग आवडला नाही, मन बदललं. दोन्ही डावे आले, असं कारणच नव्हतं. तिने नाइलाजाने "माप लहान" वर बोट ठेवलं, तर पलीकडून सल्ला आला की एक नंबर मोठा मागवावा. तिने सविस्तर लिहिलं, तर उत्तर आलं की आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. दुसऱ्यांदा लिहिलं, तरी तेच. तिसऱ्यांदाही तेच, फक्त या वेळी खाली हसरा चेहरा.

मग मदतीच्या नंबरावर एक मुलगी सापडली. आवाजावरून कोवळी वाटत होती. लेकीने सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती म्हणाली, उजवा बूट हरवला आहे का? लेक म्हणाली, हरवायला तो आलाच नाही. ती म्हणाली, जोडा मिळाल्याची नोंद आहे. लेक म्हणाली, जोडा मिळाला, पण जोडी नाही. पलीकडे बराच वेळ टकटक ऐकू आली. शेवटी ती मुलगी म्हणाली की माणूस पाठवते, परत द्या. बदली मात्र मिळणार नाही, या मापाचा माल संपलाय. बाईंनी मागून लेकीला खुणावलं, तिला म्हणावं जेवलीस का, आवाज थकलाय तिचा. लेकीने आईकडे असं पाहिलं की मीच खोक्यात मागे सरकलो.

पार्सलवाला आला. दमलेला, पाठीवर पिशवीचं ओझं. बाईंनी आधी पाणी दिलं. त्याने फोन काढला. त्याच्या फोनचं असं होतं, की आधी डाव्याचा फोटो, मग उजव्याचा, आणि दोन्ही पटल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. डावा पटला. उजव्याच्या जागी त्याने मला धरलं. फोन म्हणाला, उजवा बूट दाखवा. त्याने मला उलटा धरला, आडवा धरला, टाचेकडून दाखवला. फोन आपला एकच धोशा लावून होता.

"उजवा नाही म्हणूनच तर परत देतोय ना दादा," लेक रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मला कळतं हो ताई. याला कळत नाही." त्याने फोनकडे बोट दाखवलं.

लेक डोक्याने तल्लख. तिने मला उचलून आरशासमोर धरलं आणि म्हणाली, आता आरशातला काढा. मी आरशात पाहिलं. माझ्या जन्मात मी पहिल्यांदाच उजवा होतो. माझा बाक दुसऱ्या बाजूला, अंगठ्याची जागा अगदी हवी तिथे. कसं सांगू मला काय वाटलं! त्याने फोटो काढला. फोनला पटलं. पुढचं पान उघडलं.

लेकीने आनंदाने टाळी वाजवली. पण पार्सलवाल्याचं बोट पडद्यावर अधांतरी राहिलं. बाईंनी विचारलं, काय झालं रे? तो आधी सांगेना. मग म्हणाला, "काही नाही काकू. तिकडे खोकं उघडतील, त्यात उजवा निघणार नाही. मग तो मी वाटेत काढून घेतला असं होतं. माझ्या नावावर पडतं. पण तुमचा पाय बघतोय मी. तुम्ही म्हणाल तर दाबतो."

बाईंनी मला आरशासमोरून घेतलं, खोक्यात ठेवलं आणि झाकण लावलं. "नको बाबा. राहू दे."

तो गेल्यावर लेक कडाडली. "आई, त्या विकणाऱ्यांचं खोटं सगळीकडे चालतं. आपलं एक चाललं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"आभाळ त्याच्यावर कोसळलं असतं," बाई म्हणाल्या. "माझ्या पायाखाली त्याचा पगार घालून मी कशी चालू?"

लेक दुसऱ्या खोलीत जाऊन रडली. इकडे यजमान बराच वेळ काठीची मूठ चोळत बसले होते. मग बाईंना म्हणाले, "हे सगळं माझ्या हाडापायी." बाईंनी त्यांना गप्प केलं. ते पुन्हा म्हणाले, "बरं, पण आता नवा नवस बोलू नकोस. पाय दोनच आहेत तुला." बाईंना हसू आलं, पण ते डोळ्यांपर्यंत पोहोचलं नाही.

लेकीने त्यानंतरही पाठ सोडली नाही. आमचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून पाठवले. त्यात माझ्या आतला तो डाग दिसला. उत्तर आलं की माल वापरलेला आहे, वापरलेला माल परत घेतला जात नाही. डाग कसला ते तिने लिहिलं. त्यावर कुणी काहीच बोललं नाही. काही दिवसांनी फोनवर टुणकन आवाज झाला. तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. तुम्ही किती समाधानी आहात? खाली पाच रिकाम्या चांदण्या.

लेकीने फोन गादीवर फेकला. बाईंनी तो उचलला, चष्मा लावला आणि विचारलं, "इथे लिहिलेलं कोण कोण वाचतं गं?"

"विकणारे नाही वाचत. घेणारे वाचतात. तुझ्यासारखे."

"मग त्यांच्यासाठीच लिहिते. मला एक सांग, आमच्याकडे दोन डावे आले, तर दोन उजवे कुणाकडे गेले असतील?"

इतके दिवस मी आपला माझ्याच दुःखात. कुठल्याशा घरात कुणी दुसरी बाई डावा पाय हातात धरून बसली असेल, आणि माझाच पाय सुजलाय म्हणत असेल, हे मला सुचलंच नव्हतं.

बाईंनी एकेक अक्षर शोधत, एका बोटाने लिहिलं. बूट फार मऊ आहेत. बनवणाऱ्यांचे हात चांगले आहेत. आमच्याकडे दोन्ही डावे आले. ज्यांच्याकडे दोन्ही उजवे आले असतील त्यांनी ते टाकू नयेत, इथे कळवावं. आमचा एक डावा तुमच्यासाठी पुसून ठेवला आहे. मग त्यांनी लेकीला विचारून पाचही चांदण्या भरल्या. लेक म्हणाली, एवढ्या कशाला? तर म्हणाल्या, कमी दिल्या तर कुणी खाली वाचायलाच येणार नाही.

अजून कुणाचं उत्तर नाही. लेक रोज बघते. बाई विचारत नाहीत, नुसतं तिच्या तोंडाकडे पाहतात. माझा जोडीदार त्यांच्या डाव्या पायात घरभर फिरतो. उजव्या पायाला पट्टी, वर जुन्या रजईचं कापड, त्यावर यजमानांची कापून मोठी केलेली सपात. ती दर दोन पावलांना निसटते. डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेला अंगठ्याचा रंग पाहिला आणि लवकर या म्हणाल्या. बाई मात्र मला ओल्या फडक्याने पुसतात, आतला डाग साबणाने घासतात. दुसऱ्याच्या पायात जायचाय, स्वच्छ असायला हवा, असं स्वतःशीच म्हणतात. डाग फिका झालाय, गेला नाही.

मी थांबू शकतो. रबराचा आहे मी, वर्षानुवर्षं खोक्यात पडून राहीन, माझं काही बिघडत नाही. पाय थांबत नाही. म्हणून हात नसतानाही तुमच्यापुढे हात जोडतो. तुमच्याकडे असे राखाडी बूट आले असतील आणि चालताना रोज टोचत असतील, तर आपल्या पायाला दोष देऊ नका. आज घरी गेल्यावर दोन्ही काढा, शेजारी ठेवा आणि एकदा नीट बघा. दोन्ही उजवे निघाले, तर रागाने फेकू नका. एक पुसून ठेवा, आणि बाईंनी लिहिलं तसं तुम्हीही दोन ओळी लिहा.