डावीकडची झाडं

पिकअप या घरात माझ्याआधी आली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली उभी होती, राखाडी रंगाची, एक दिवा दुसऱ्यापेक्षा जरा खाली बघणारा. नणंद तेव्हा परकर-पोलकं सोडून नुकतीच मोठी झाली होती. तिनं माझा हात धरून मला गाडीसमोर नेलं आणि म्हणाली, "वहिनी, ही थोरली. तू धाकटी. दादाचं आधी हिच्याकडे लक्ष जाईल, मग तुझ्याकडे. वाईट वाटून घेऊ नकोस."

तेव्हापासून गाडीचं नाव थोरलीच पडलं. सवतीबरोबर संसार करावा तसा मी तिच्याबरोबर केला. तिच्या ऑइलचे डाग यांच्या शर्टांवरून काढले, तिच्या तब्येतीवरून यांचा चेहरा ओळखायला शिकले.

हे रोपवाटिकेतली झाडं पोचवायचे. रोपं नव्हेत, चांगली दोन पुरुष उंच झालेली झाडं, मुळांशी मातीचा गड्डा आणि खोडाला ओली गोणपाटं गुंडाळलेली. रस्त्याच्या कडेला लावायला अशीच लागायची. आडवी घातली की खोडाची साल खरवडायची, म्हणून यांनी हौद्यात लाकडी घोडे बसवले होते, त्यांना चंद्रकोरीसारख्या खाचा आणि खाचांना जुन्या ट्यूबचं अस्तर. झाड त्यात लहान मूल मांडीवर झोपावं तसं बसायचं. आमच्या गावाबाहेरून कालव्यापर्यंत सरळ जाणारा रस्ता आहे. त्याच्या दोन्ही बाजूंची सगळी झाडं थोरलीच्या पाठीवरून गेलेली.

गाडीचं काम हे घरीच करत. गॅरेजवाल्याचा हात तिला लागला की आपल्याच माणसाला परक्यानं अंघोळ घातल्यासारखं वाटतं, म्हणायचे. पण डिझेलच्या गाडीची काही कामं एकट्यानं होत नाहीत. फिल्टर बदलला की डिझेलच्या पाइपात हवा शिरते आणि ती काढेपर्यंत इंजिन सुरू होत नाही. एकानं इंजिनापाशी उभं राहून पाइपांचे नट सैल करायचे, दुसऱ्यानं आत बसून चावी फिरवायची. दुसरी मी. हात पिठाचे असोत की साबणाचे.

"मार!"

मी चावी मारायची.

"बस! बस म्हटलं ना!"

"ऐकू आलं. मी काही थोरली नाही, लगेच थांबायला."

"ती तरी कुठं थांबते?"

असं आमचं बोलणं.

मग एका सकाळी दाढी करता करता यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. ब्रश बेसिनमध्ये पडला तो आवाज मला अजून येतो. दवाखान्यातून घरी आले ते नणंदेच्या आणि माझ्या खांद्यावर हात टाकून. वाचा शाबूत होती. डावा हातही हळूहळू वळायला लागला. पाय मात्र ओंडक्यासारखा ओढत चालायचे. डॉक्टरांनी जाताना बजावलं होतं, गाडी चालवायची नाही. आम्ही समजलो पायामुळे.

पायाचंच तर आहे, हे म्हणाले. डावा पाय म्हणजे क्लच. एवढंच ना?

रोपवाटिकेचा मालक भला माणूस. लागवडीचे दिवस येईपर्यंत दुसरा गाडीवाला बघत नाही, असा निरोप त्यानं पाठवला. त्या निरोपानं यांच्यात जीव आला. क्लच हातानं चालवता येईल अशी थोरली करायची आणि लागवडीला झाडं घेऊन आपणच जायचं, एवढं एकच यांना दिसत होतं. दुसरं काही बोलायचे नाहीत. तसे बसले असते तर महिन्याभरात खाटेला खिळले असते, म्हणून मीही पदर खोचला.

हे स्टुलावर बसून सांगायचे आणि मी गाडीखाली शिरायची. या वयात चाकांमधून आभाळ बघायची वेळ आली. भंगारातून एका मोटारीचा ब्रेकचा बूस्टर आणला, मोठ्या पातेल्याएवढा काळा डबा. डिझेलच्या इंजिनाला हवा ओढून घेणारा एक पंप असतो, त्याच्या जोरावर हा डबा ब्रेक ओढतो. यांनी त्याला क्लच ओढायला लावायचं ठरवलं. गिअरच्या दांड्यावर बटण. बटण दाबलं की डबा क्लच आत घेणार, मग त्याच हातानं गिअर टाकायचा. पट्ट्या वळवायला आणि जोडायला वेल्डर यायचा. ठिणगी त्याचं टोपणनाव. बोलायलाही तसाच.

"काका, हे जमलं तर माझ्या बायकोलाही एक बटण बसवून द्या."

"आधी तिला विचार. ती तुला बसवेल."

आत बसून मी पहिल्यांदा बटण सोडलं तेव्हा क्लच धाडकन सुटला आणि थोरलीनं बेडकासारखी उडी मारली. ठिणगी घाबरून कोंबड्यांच्या खुराड्यावर चढला. डब्यात परत जाणारी हवा सावकाश सोडायला हवी होती, त्यासाठी बारीक नळ हवा. यांना आठवला नणंदेच्या माशांच्या टाकीचा.

"दादा, माझे मासे गुदमरले तर?"

"तुझे मासे तुझ्यासारखेच आहेत. दोन दिवस तोंड मिटलं तर काही होत नाही."

तिनं कुरकुरत नळ काढून दिला. तो बसवला आणि क्लच लोण्यासारखा सुटायला लागला. हे हसले. डावी बाजू जरा कमी हसली, पण हसले.

बारीकसारीक गोष्टी त्या दिवसांत घडत होत्या. हे दाढी करायचे ती उजव्या गालाची. नणंद म्हणायची, "अर्धा भाऊ घरी आला, अर्धा दवाखान्यातच राहिला वाटतं." डावा हात अजून जड आहे म्हणून होतं, असं मी तिला सांगायची आणि उरलेला गाल मी करायची. एकदा फिल्टर बदलून हवा काढली तर इंजिन लंगडायला लागलं. मी वाकून पाहिलं, तीन पाइपांचे नट घट्ट होते, डावीकडचा चौथा सैल, त्यातून डिझेल पाझरत होतं. "पाना झिजलाय," हे म्हणाले. मी नट आवळला. जेवताना ताटातला उजवीकडचा भात संपवून हे हात चाटायचे, डावीकडची भाजी तशीच. भूक मेली असेल असं पहिल्या दिवशी वाटलं. मग सहज ताट फिरवून पाहिलं, तर तीही खाल्ली. तेव्हापासून जेवण अर्ध्यावर आलं की मी बोलता बोलता ताट फिरवायची. आजारी माणसाच्या दहा तऱ्हा असतात. ही अकरावी, असं मनाशी म्हटलं आणि कामाला लागले.

लागवडीला आठवडा राहिला तेव्हा गाडी तयार झाली. सकाळी ठिणगी आला, नणंद आली. हे इस्त्रीचा शर्ट घालून, एका हातानं दाराला धरून, दुसऱ्या हातानं आपला पाय उचलून आत ठेवून, आपल्या जागी बसले. कितीतरी दिवसांनी यांना त्या जागी पाहिलं. चावी अर्धी फिरवली. इंजिन गरम होतंय तोवर समोर पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं असतं. आम्ही सगळे त्या दिव्यासाठी थांबलो. तो विझला. थोरली एकदा खोकली आणि सुरू झाली.

बटण. गिअर. बटण सुटलं. गाडी सरकली, उडी नाही, धक्का नाही. नणंदेनं टाळ्या वाजवल्या. आमच्या तिघांचीही नजर गाडीच्या पोटाकडे, त्या काळ्या डब्याकडे. फाटकाकडे कुणी बघत नव्हतं.

डावीकडचा आरसा फाटकाच्या खांबाला लागून फुटला. मग मागच्या हौद्याचा पत्रा खांबाला भिडला आणि दुमडायला लागला. हे थांबेचनात. उलट इंजिनाचा आवाज वाढवला आणि खिडकीतून डोकं काढून ओरडले, "ठिणग्या, क्लच घसरतोय रे! गाडी पुढं जात नाही!"

"काका, थांबा! खांब! खांब!"

"कुठला खांब?"

मी धावत जाऊन खिडकीतून हात घातला आणि चावी बंद केली.

हे उतरले. बॉनेटला धरत धरत पुढून वळसा घालून त्या बाजूला आले. मान पार वळवून बराच वेळ बघत राहिले. मग खांबाला हात लावला.

"हा इथं कधी आला?"

मी जवळ गेले. म्हटलं, "अहो, तुम्हीच रोवलाय. शेड घातली त्या साली."

ठिणगीनं काचा गोळा केल्या. जाताना आरशाची रिकामी चौकट हौद्यात ठेवून गेला. नणंद म्हणाली, "पहिल्या दिवशी होतंच असं, दादा." यांनी मान हलवली.

दुपारी मी ताट वाढलं. उजवीकडचा भात संपला. मी सवयीनं हात पुढं केला, तर यांनी ताटाच्या कडेवर आपला हात ठेवला.

"थांब. हे तू कधीपासून करतेस?"

"काय?"

"ताट फिरवतेस."

"दवाखान्यातून आलात तेव्हापासून."

"मला वाटायचं तू पुन्हा वाढतेस." हे म्हणाले, "म्हणत होतो, न मागता किती वाढते ही आताशा."

मग त्यांनी स्वतःच ताट धरलं आणि अगदी हळू फिरवलं. भाजी दिसायला लागली तसे थांबले. परत उलटं फिरवलं. ती गेली. पुन्हा फिरवलं, ती आली. लहान मूल दाराआडून लपून बघतं तसं चार-पाच वेळा केलं. मी समोर बसले होते, मला ते बघवेना आणि उठवेना. भाजी त्या दिवशी तशीच राहिली.

डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. डावीकडचं दिसतं ते मेंदूपर्यंत पोचत नाही, आणि पोचत नाही हेही त्याला कळत नाही. सुधारेल का, विचारलं तर त्यांनी कागद सरळ केले.

रोपवाटिकेच्या मालकाला निरोप यांनी स्वतःच दिला. मग चार दिवस शेडकडे फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी स्टूल घेऊन गेले आणि मला हाक मारली.

"अगं, तो डबा काढ."

"राहू दे ना तसाच."

"काढ. मासे वाट बघत असतील नळाची."

बटण, डबा, ठिणगीच्या पट्ट्या, एकेक करून मी सगळं उतरवलं. पेडल पहिल्यासारखं झालं. मग यांनी लाकडाचा एक ठोकळा मागितला, कानसीनं घासून गुळगुळीत केला आणि मला क्लचच्या पेडलवर बांधायला लावला. मला कळेना.

"तुझा पाय तिथंवर पोचत नाही," म्हणाले. "मी बघितलंय. चावी मारायला बसायचीस तेव्हा तुझे पाय लोंबकळत असायचे."

मी अंगणातच शिकले. शिकवताना हे शंभरदा ओरडले, मीही ओरडले. थोरली कितीदा बंद पडली. "आता तुझ्याच हातात आहे ती, धाकटे," असं एकदा म्हणाले आणि तोंड खिडकीकडे केलं.

लागवड दुसऱ्याच कुणीतरी केली. ती संपल्यावर एका संध्याकाळी मी यांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि गाडी फाटकाबाहेर काढली. डावीकडे आरसा नव्हता. निघताना, पिवळा दिवा विझेपर्यंत थांब, असं यांनी सांगायच्या आत मी थांबले होते. कालव्याच्या रस्त्याला लागलो. हे माझ्याकडे तोंड करून बसलेले, माझ्या पलीकडे रस्त्याची उजवी कड. एकेका झाडाला ओळख देत होते. हे आणलं त्या दिवशी तुझी बहीण आली होती. ह्याची साल मीच खरवडली, बघ, अजून वण आहे. हे वाकडंच आलं होतं, मालकाशी भांडलो.

कालवा आला. मी गाडी थांबवली.

"त्या बाजूलाही लावली होती आपण," म्हणाले.

"आहेत ना."

"मोठी झालीत?"

मी स्टीअरिंग फिरवलं. रस्ता अरुंद होता, गाडी पुढं-मागं घेत वळवायला मला बराच वेळ लागला. हे एकदाही ओरडले नाहीत. वळलो आणि निघालो, आणि मघा जी आमच्या डावीकडे होती ती सगळी झाडं आता माझ्या बाजूला आली. हे पुढं वाकले. डॅशबोर्डवर हात ठेवून बघत राहिले. ह्या खेपेला एकाचंही काही सांगितलं नाही.

निम्मा रस्ता झाला असेल. एकदम माझा हात धरला.

"हळू कर. इथं एक होतं."

मी हळू केलं. दोन झाडांमध्ये मोकळी जागा होती, बुंध्याचा थोडा खुंट आणि गवत.

"इथं होतं," म्हणाले. "मला दिसत नाही, की नाहीच?"

मी गाडी उभी केली आणि नीट पाहिलं.

"नाहीच, अहो. तोडलेलं दिसतंय."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी माझा हात सोडला आणि मागं टेकले.

"बरं," म्हणाले. "चल."